कॅट दोनशेचा घ्यावा की शंभरचा

अण्णांनी कॅट उचलला, माझ्या शेडच्या खिडकीच्या उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून आरपार पाहिलं आणि मग तोंडाला लावून त्यात जोरात फुंकर मारली. फवारणीच्या ब्लोअरचा नोझल तुंबला की द्राक्षवाले मारतात तशी. दुसऱ्या टोकाला मी उभा होतो. शेल्फवरची सगळी धूळ माझ्या चष्म्यावर आली.

"हवा तर आरपार जाती सर," ते म्हणाले. "मग हा साफ काय करतो?"

मी सातपूरला सायलेन्सर बनवणाऱ्या एका कंपनीच्या टेस्ट लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली. इतका सरळ प्रश्न मला तिथे एकाही मॅनेजरने विचारला नव्हता. ते विचारायचे, "देवरे, रिपोर्ट कधी देताय?"

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिनाचा धूर मागच्या नळीतून बाहेर पडायच्या आधी वाटेत एक स्टीलचा डबा असतो, तो हा. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्या भिंतींवर प्लॅटिनमसारख्या महाग धातूंचा अगदी पातळ थर दिलेला असतो. धूर त्या भिंतींना घासत जातो. जाता जाता विषारी कार्बन मोनॉक्साइडचा साधा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं पेट्रोल जळून जातं.

"ही गाळणी नाही अण्णा," मी चष्मा पुसत म्हणालो. "हा तवा आहे. यात काही अडकत नाही, यावर भाजून निघतं. आणि तापल्याशिवाय काही होत नाही."

"असं व्हय," म्हणत त्यांनी कॅट जपून टेबलावर ठेवला. टेबलावर असे तीन कॅट होते. त्यातला एक निवडायचा होता, आणि त्या निवडीवर एक गाडी घरात राहणार की विकली जाणार हे ठरणार होतं.

गाडी मृणालची, म्हणजे अण्णांच्या मुलीची. दिंडोरीच्या अलीकडे त्यांची बाग आहे आणि बागेला लागून पॅकहाउस. तिथून द्राक्षं परदेशी जातात. मृणाल ॲग्रीची पदवी घेऊन त्याच पॅकहाउसची क्वालिटी सांभाळते. द्राक्षात औषधाचा अंश किती, पेट्यांचं वजन किती, कोणी हात धुतले, कोणी नाही, सगळं तिच्या रजिस्टरमध्ये. आणि रविवारी ही मुलगी ऑटोक्रॉस खेळते. मोकळ्या मैदानात शंकू मांडायचे आणि त्यांच्यामधून एकेक गाडी वेळ लावून पळवायची, असा तो खेळ. तिची गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, पण कंपनीतूनच टर्बो असलेली. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. त्यामुळे धूर जितका मोकळा सुटेल तितका तो पंखा लवकर फिरतो, आणि म्हणून या मुलांचा सगळा राग मागच्या नळीवर असतो.

आदल्या वर्षी तिने गाडी एका ट्यूनरकडे दिली. त्याने कॅट काढला, सरळ पाइप बसवला आणि ॲक्सिलरेटर सोडला की मागून फटाके फुटतील असं सॉफ्टवेअर घातलं. काढलेला कॅट कुठे गेला ते त्यालाही आठवेना. तो कुठे जातो ते मला माहीत आहे. त्यातल्या प्लॅटिनमला गिऱ्हाईक असतं.

मार्चमध्ये, ऐन हंगामात, मृणालने ही गाडी पॅकहाउसच्या दारात उभी करून गरम केली. आत चाळीस बाया द्राक्षं पॅक करत होत्या. अर्ध्या तासात तिघींचं डोकं दुखायला लागलं, एकीला ओकारी झाली. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत बसवल्यावर बरं वाटलं, पण अण्णांनी त्याच दिवशी गाडीवर ताडपत्री टाकली.

"ज्या बायांच्या हातानं माझा माल जातो, त्यांनाच मी धूर पाजला," हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मुलीसमोर, खाली न बघता. मला तो माणूस तेव्हाच आवडला.

त्यांची अट साधी होती. गाडी पीयूसीला खरीखुरी पास झाली पाहिजे. तीन आठवड्यांनी रविवारी स्पर्धा होती. पास झाली तर मृणालने खुशाल पळवावी. नाही झाली तर सोमवारी गाडी विकायची, आणि हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. मृणालने अट मान्य केली होती. तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं, ती तिला झोपेतही ऐकू येत असावी.

तर टेबलावरचे तीन कॅट.

पहिला चारशेचा. म्हणजे जाळीच्या एका चौरस इंचात चारशे भोकं, आमच्या भाषेत सेल. जाळी सिरॅमिकची, चिनीमातीच्या जातीची. दुसरा दोनशेचा, जाळी धातूची. तिसरा शंभरचा, तोही धातूचा, चकचकीत, मृणालने ऑनलाइन मागवलेला. भोकं इतकी मोठी की पलीकडची माशी दिसावी.

"काका, मला शंभरचाच हवाय," मृणाल म्हणाली. "सगळे तोच वापरतात."

"सगळे पीयूसी करतात का?"

ती शंभरचा हातात फिरवत राहिली. अण्णा मात्र मुलीच्या बाजूने बोलले, त्याचं मला नवल वाटलं.

"सर, तिचंबी बरोबर वाटतंय. आम्ही घडाची विरळणी करतो, मणी कमी करतो. गर्दी कमी केली की मणी फुगतो. जाळी विरळ केली तर धूर मोकळा होईल का नाय?"

"होईल की. पण अण्णा, एका घडामागे पानं किती राखता?"

"दहा-बारा तरी पाहिजेत."

"चारच ठेवली तर? वारा लय चांगला खेळेल."

"वाऱ्याला काय करता, साखर कुठनं भरायची?" ते म्हणाले आणि स्वतःच थांबले. मग हसले. "भिंती म्हणजे पानं म्हणा की."

"भिंती म्हणजे पानं. शंभरच्या कॅटला पानंच नाहीत. शिवाय या चकाकीवर महाग धातूचा मुलामा आहे की नुसतं पॉलिश, हे देव जाणे आणि तो विकणारा जाणे."

इतक्या वर्षांच्या नोकरीत कॅट समजावायला मला आलेख लागायचे. द्राक्षवाल्याला एक पान पुरलं.

मग चारशेचा का नको, असं तुम्ही विचाराल. त्याची अडचण मोकळेपणाची कमी आणि स्वभावाची जास्त. सिरॅमिक ठिसूळ. फटाके फोडणारं सॉफ्टवेअर असलं की न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये येऊन पेटतं आणि जाळी वितळते किंवा तडकते. धातूची जाळी जास्त सोसते. म्हणून मी दोनशेचा निवडला. पण भोकं विरळ झाली की भिंती कमी होतात, ती भरपाई डबा मोठा घेऊन करायची. पाइप अडीच इंची, तर कॅटचा डबा पाच इंची घेतला. पाइपातून डब्यात जाताना निमुळतं नरसाळं लागतं, म्हणजे धूर सगळ्या जाळीवर सारखा पसरतो, मधल्याच भोकांतून पळत नाही. आणि जागा टर्बोच्या शक्य तितकी जवळ, कारण तवा तापला पाहिजे. माझी एकच अट होती: फटाके बंद.

"अजिबात?" मृणालने विचारलं.

"दिवाळीला आण."

नरसाळी इक्बालभाईंनी बनवली. इक्बालभाई माझे वेल्डर. कंपनीत प्रोटोटाइप शॉपमध्ये होते, मी रिटायर होऊन अंबडला ही शेड घेतली तेव्हा माझ्याबरोबर आले. बावीस वर्षांची ओळख. त्यांचं वेल्डिंग बघून लोक विचारतात की मशीनवर केलंय का. त्यांना ते आवडत नाही. ते म्हणतात, "मशीनको पूछो, माझ्यासारखं येतं का."

त्यांनी फक्त जागेवर हरकत घेतली. "सर, इतना नीचे नको. गंगापूर रोडचे स्पीडब्रेकर बघितले ना? पहिल्या दिवशी डबा घासेल." आम्ही डबा दोन बोटं वर घेतला, थोडा तिरपा केला. पाचव्या दिवशी सिस्टिम तयार झाली. मी माझ्या गॅस ॲनालायझरची नळी मागे घातली. इंजिन तापल्यावर आकडे बघितले. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या निम्म्याहून कमी. मृणालने दिंडोरी रोडला चक्कर मारली आणि येऊन नुसती हसली. पळायला गाडीत काही कमी नव्हतं.

"झालं तर मग," मी अण्णांना म्हणालो.

"झालं नाय सर." ते शांतपणे म्हणाले. "माझ्याच लॅबचा रिपोर्ट मी दाखवला तर माझा माल कोण घेतं? बाहेरच्याकडं तपासायचं. अन् आज नाय. पहिल्या दिवशी सगळ्यांचाच माल गोड असतो. धा-बारा दिवस चालू द्या गाडी."

मला जरा लागलं. पण हेच वाक्य मी कंपनीत सप्लायरांना ऐकवत आलो होतो.

स्पर्धा रविवारी. त्याआधीच्या गुरुवारी दुपारी मृणालचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळे मला आधी कळलंच नाही.

"काका, फेल झाली."

"काय फेल झाली?"

"पीयूसी. मर्यादेच्या चौपट दाखवतंय."

शुक्रवारी सकाळी दोघं शेडवर आले. अण्णांच्या खिशात नापासाची स्लिप घडी घालून होती. पीयूसीवाल्याने म्हणे त्यांना बाजूला घेऊन विचारलं होतं, 'काका, करून देऊ का पास? त्यात काय एवढं.' अण्णांनी त्याला उत्तर दिलं, "मला कागद नको बाबा, मला आकडा पाहिजे." असं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच बघितलं असेल.

"बोला सर आता," अण्णा स्टुलावर बसत म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मृणाल गाडीच्या बॉनेटला टेकून उभी होती. "मी आयोजकांना कळवते, नाव काढा म्हणून," ती म्हणाली. "उगाच शेवटच्या दिवशी नको."

"दुपारपर्यंत थांब," मी म्हणालो. आतून मात्र माझी पाचावर धारण बसली होती. पानांची गोष्ट सांगून दोनशेचा मीच गळ्यात मारला होता. चारशेचा घेतला असता तर निभावलं असतं का? की सप्लायरने मलाच पॉलिश विकलं? मी पिंपरीच्या सप्लायरला फोन लावला.

"सर, त्या लॉटची एकही तक्रार नाही," तो म्हणाला. "ट्यूनिंग बघा. आपल्या साइडला काहीतरी असेल."

आपल्या साइडला. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. पण ॲनालायझर लावला तर माझ्या मशीनवरही गाडी नापास. इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पीत होतं. म्हणजे कॅटच्या आधीच काहीतरी बिनसलं होतं. पाइपाला कुठे गळती असेल तर असं होतं, म्हणून दोन तास साबणाचं पाणी लावून एकेक सांधा तपासला. इक्बालभाईंच्या एकाही सांध्यातून बुडबुडा आला नाही. मग मी ऑक्सिजन सेन्सर काढला. हा करंगळीएवढा तुकडा पाइपात बसून धुराची चव घेतो आणि कॉम्प्युटरला सांगतो, पेट्रोल जास्त झालं की कमी. चांगल्या चालणाऱ्या सेन्सरचं टोक करडं किंवा तपकिरी असतं.

याचं टोक पांढरं होतं. राखेत बुडवून काढल्यासारखं.

हे मी ओळखत होतो. कंपनीत एकदा एका कंत्राटदाराने टेस्ट इंजिनाला साधं सिलिकॉन सीलंट फासलं होतं. बाथरूमच्या फटी बुजवतात ते. त्याची वाफ इंजिनात गेली, जळून तिची पांढरी वाळू झाली, आणि लॅबमधले ओळीने सगळे सेन्सर आंधळे झाले. सेन्सर आंधळा झाला की कॉम्प्युटर घाबरून पेट्रोल वाढवतो. तोच पांढरा थर पुढे कॅटच्या भिंतींवर बसतो, आणि मग तव्यावर काही भाजत नाही. पांढरं टोक म्हणजे सिलिकॉन, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून खिळ्याने ठोकलेलं आहे. आणि सिलिकॉन म्हणजे सीलंट. आणि पाइप जोडायच्या चकतीला, म्हणजे फ्लँजला, सीलंट लावणार कोण?

"इक्बालभाई, फ्लँजला काय लावलं होतं?"

"गॅस्केट."

"गॅस्केटवर काय?"

"कुछ नहीं."

"सिलिकॉन लावलं होतं का? खरं सांगा."

इक्बालभाईंनी हातातला पाना पुसला आणि पेटीत ठेवला. पेटीचं झाकण लावलं. "देवरे साहब," ते म्हणाले. एरवी मी 'सर' असतो. "बावीस साल. सेन्सरजवळ सिलिकॉन? मी?"

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझी एक सवय आहे. प्रत्येक कामाचं जॉबकार्ड असतं, त्यात शेवटचा रकाना 'मूळ कारण'. कंपनीने लावलेली शिस्त. तो रकाना रिकामा दिसला की मला चैन पडत नाही. मी खिशातलं पेन काढलं आणि सगळ्यांसमोर लिहिलं: 'फ्लँजवर सिलिकॉन सीलंट. वेल्डर.' खाली सही केली.

इक्बालभाईंनी ते वाचलं. हात धुतले आणि जुम्याच्या नमाजला गेले. त्यांची टोपी रोज खुंटीला असते ती नव्हती, डबाही नव्हता. ते परत येतील की नाही, मला सांगता येईना.

शेडमध्ये आम्ही तिघं उरलो. कारण लिहून झालं तरी लॅबच्या शिस्तीप्रमाणे टाकीतलं पेट्रोलही काढून बघावं लागणार होतं. मी मृणालला नेहमीचे प्रश्न विचारले.

"ऑइलमध्ये काही टाकलंस?"

"नाही."

"पेट्रोलमध्ये काही ॲडिटिव्ह?"

"नाही काका. पेट्रोल एकाच पंपावर भरते. हे बघा, बिलं फोनवर आहेत."

बिलं खरंच होती. पंप चांगला. अण्णा उठून दारापर्यंत गेले. बाहेर रस्त्यावर एक टेम्पो वळत होता, तो पूर्ण वळेपर्यंत बघत राहिले. मग परत येऊन स्टुलावर न बसता उभेच राहिले.

"मृणाल," ते म्हणाले, "सोमवारी सकाळी गाडीत पेट्रोल मी टाकलं."

"तुम्ही? कशाला?"

"तू लवकर जाणार म्हणली व्हतीस. काटा खाली दिसला. म्हणलं वाटंत खोळंबा नको." मग म्हणाले, "गाडीला हात लावला नव्हता ना मी कधी."

मृणालने फोन खिशात ठेवला. गाडीला त्यांनी केलेली ती पहिली मदत होती, हे तिला माझ्याआधी कळलं.

"कुठलं पेट्रोल अण्णा?" मी विचारलं.

"घरचंच. फवारणीच्या पाठीवरच्या पंपासाठी आणून ठेवतो ते. डबाभर व्हतं."

"डबा कसला?"

इथे ते थोडे अडखळले. "निळा. स्प्रेडरचा."

ज्यांना बाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. औषध पानावर थेंब थेंब राहू नये, सारखं पसरावं म्हणून फवाऱ्यात स्प्रेडर मिसळतात. डिसेंबरात द्राक्षाचे घड औषधात बुडवतात, तेव्हाही वापरतात. यातला चांगल्यातला चांगला स्प्रेडर सिलिकॉनचा असतो. ते तसं डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलंही असतं.

"धुतला होता?"

"नाय. पाण्यानं विसळला असता तर पेट्रोलमध्ये पाणी गेलं असतं. तेवढं कळतं मला." मग हळू आवाजात, "तळाला बोटभर राहिलं व्हतं. म्हणलं पेट्रोलनं धुऊन निघंल."

धुऊन निघालंच होतं. निघून थेट इंजिनात गेलं होतं.

पण मृणाल पेट्रोलचा विचार करत नव्हती. "अण्णा," ती म्हणाली, "औषधाचा प्रत्येक रिकामा डबा तीनदा विसळून, भोक पाडून टाकायचा. हा नियम तुम्हीच भिंतीवर लावलाय. ऑडिटरला आपण तेच दाखवतो. त्या रजिस्टरवर माझी सही आहे."

"व्हय."

"सगळ्या डब्यांना भोकं पाडली म्हणून सही आहे."

"एकच राहिला ग. चांगला जाड डबा, बुच घट्ट. भोक पाडायचं जिवावर आलं." ते माझ्याकडे वळले. "बाकी सगळ्यांना पाडली सर. लबाडी नव्हती मनात."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मालातला कणभर अंश शोधायला जो माणूस नमुने लॅबला पाठवतो, त्याच्याच औषधाच्या खोलीत हा निळा डबा उभा होता. पण मला हसू आलं नाही. ते बोलले नसते तर कोणाला कळणार होतं? मी कारण लिहून सही करून मोकळा झालो होतो. त्यांना फक्त गप्प बसायचं होतं. आणि ते गप्प बसले असते, तर त्यांच्याच अटीप्रमाणे सोमवारी गाडी विकून विषय संपला असता.

"मग आता?" मृणालने विचारलं. "गाडी विकायची?"

"गाडीनं काय केलं?" अण्णा म्हणाले. "नापास मी झालो. सर, हे नीट होतंय का सांगा."

नीट होत होतं, पण माझ्या एकट्याच्याने नाही. टाकी रिकामी करायची, नळ्या धुवायच्या, सेन्सर नवा घालायचा, एवढं मला जमलं असतं. सेन्सर इथल्याच द्वारका भागातल्या एका दुकानात मिळाला, मृणाल जाऊन घेऊन आली. दोनशेच्या कॅटच्या तोंडावर मात्र पांढुरकी साय धरली होती. ती धुऊन जात नाही. नवा दोनशेचा पिंपरीहून यायला सोमवार उजाडला असता. शेल्फवर होते दोनच: शंभरचा चकचकीत आणि चारशेचा ठिसूळ. मृणालने एकदा दोन्हीकडे पाहिलं.

"चारशेचा," ती म्हणाली. "फटाके बंदच आहेत ना."

पण चारशेच्या डब्याची लांबी वेगळी. नरसाळी कापून पुन्हा जोडायची, तीही वाकड्या जागेत. माझं वेल्डिंग म्हणजे कुंपणाला चालेल असं. मी घड्याळाकडे बघत होतो तेवढ्यात इक्बालभाई आले. टोपी खुंटीला लावली. उघडा सेन्सर, काढलेली टाकी, टेबलावरचा चारशेचा, सगळं एकदा बघून घेतलं.

"पेट्रोल?" त्यांनी विचारलं.

"पेट्रोल," मी म्हणालो. "डब्यात सिलिकॉन होतं."

त्यांनी मान हलवली आणि मास्क उचलला. त्या दिवशी पाचपर्यंत ते माझ्याशी कामापुरतं बोलले. "पकडा." "सोडा." "उजेड द्या." चहा आला तो त्यांनी अण्णांबरोबर बाहेर बसून घेतला. मला हाक मारली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, आणि तीही शाईने. मला स्वतःची इतकी लाज फार दिवसांत वाटली नव्हती. पण सॉरी म्हणायचं काही मला जमलं नाही. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लिहायची नोकरी केली की असं होतं.

शनिवारी सकाळी अण्णा गाडी त्याच पीयूसीवाल्याकडे घेऊन गेले. मीही गेलो. त्याने नळी घातली, इंजिन तापवलं, आकडा आला. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. माझ्या दोनशेपेक्षाही चांगला.

"पास आहे काका," तो म्हणाला, आणि वर, "खरंच."

अण्णांनी स्लिप दोनदा वाचली, घडी घातली आणि मृणालच्या हातात दिली.

रविवारी ती आपल्या गटात चौथी आली. चारशेच्या जाळीमुळे किती वेळ गेला म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "एका शंकूला टेकले काका, त्याची पेनल्टी बसली. जाळीचं काही कळलंसुद्धा नाही." शंभर की दोनशे यावर आम्ही एक अख्खी सकाळ घालवली होती, आणि गाडी धावली तिसऱ्याच कॅटवर. तो अजून तिथेच आहे. नवा दोनशेचा येऊन माझ्या शेल्फवर पडलाय, तिने अजून मागितलेला नाही. अण्णा मैदानावर पूर्ण वेळ उन्हात उभे होते. निकाल लागल्यावर त्यांनी मला एकच विचारलं.

"पहिल्या तिघांची पीयूसी कुणी बघितली का?"

निळ्या डब्याला त्यांनी घरी गेल्या गेल्या भोक पाडलं. एक नाही, तीन. मृणालने रजिस्टरमध्ये त्या तारखेला तो डबा लिहिला, उशीर झाल्याचं कारणही लिहिलं. पुढच्या ऑडिटला ऑडिटर त्यावर बोट ठेवून काय विचारेल कोण जाणे. खोडून टाक असं अण्णा म्हणाले नाहीत.

ते ऐकल्यावर सोमवारी मी जॉबकार्ड काढलं. जुनी ओळ खोडली, पण वाचता येईल अशी ठेवली. खाली लिहिलं: 'मूळ कारण: स्प्रेडरच्या डब्यातलं पेट्रोल. वेल्डरचा दोष नाही. चुकीचा शेरा: देवरे.' सही केली आणि इक्बालभाईंसमोर धरलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"सॉरी, इक्बालभाई," मी म्हणालो.

"ठीक आहे सर," ते म्हणाले, आणि त्या 'सर'ने मला बरं वाटलं. त्यांनी चहा मागवला. दोन.

तेव्हा धडा असा. टर्बो गाडीला कॅट घेताना सेल बघा, डब्याचा व्यास बघा, टर्बोपासूनचं अंतर बघा. चकाकीला भुलू नका. आणि गाडी बिघडली तर टाकीत कोणी मायेने काही ओतलंय का, हे सगळ्यात आधी विचारा. धड्यातलं बाकीचं मला मंगळवारी सकाळी शेड उघडल्यावर कळलं. जॉबकार्डाच्या पॅडला सुतळीने एक पेन्सिल बांधलेली होती, मागच्या टोकाला रबर असलेली. माझं पेन कुठे गेलं ते इक्बालभाईंनी अजून सांगितलेलं नाही.